किटवर पॉझिटिव्ह, अहवालात 'आढळले नाही': अंमली पदार्थांची प्रयोगशाळेतली तपासणी

प्रश्न असा आहे: जागेवरच्या रंगचाचणीत किंवा लघवीच्या पट्टीवर पॉझिटिव्ह आलेला नमुना पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात 'आढळले नाही' असा कसा होतो? आणि प्रयोगशाळा एखाद्या पदार्थाचं नाव लिहिते ते नेमकं कशाच्या आधारावर?

आधी एक गोंधळ दूर करू. जप्त केलेली भुकटी तपासणं आणि माणसाची लघवी किंवा रक्त तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. भुकटीत पदार्थ मिलिग्रॅमने हाताशी असतो; तिथे 'कोणता' आणि 'किती टक्के' एवढंच शोधायचं. लघवीत तोच पदार्थ नॅनोग्रॅमने उरलेला असतो, बहुतेक वेळा मूळ रूपात नसतोच, शरीराने त्याची मोडतोड केलेली असते आणि सोबत युरिया, क्षार, रंगद्रव्यं, घेतलेली औषधं असा सगळा बाजार असतो. उपकरणं पुष्कळदा तीच, पण चुका वेगळ्या जागी होतात. म्हणून आधी भुकटी, मग लघवी.

रंग काय सांगतो

रंगचाचणी रेणू ओळखत नाही, रेणूचा एखादा भाग ओळखते. मार्क्विस अभिकर्मक म्हणजे १०० भाग संहत सल्फ्युरिक आम्लाला ५ भाग ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. यात मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन जांभळा रंग देतात. ॲम्फेटामाइन आणि मेथॲम्फेटामाइन नारिंगी, मग तपकिरी. एमडीएमए (एक्स्टसी) काळपट जांभळा. पण ॲस्पिरिनही हळूहळू गुलाबी होत गडद लाल होतं आणि साखर निव्वळ सल्फ्युरिक आम्लाने करपून तपकिरी पडते. दोन मिनिटांनी पाहणाऱ्याला दोन्ही 'काहीतरी आलं' असंच वाटतं. म्हणून रंग पहिल्या काही सेकंदांत पाहायचा, कोणत्या क्रमाने बदलला ते लिहायचं, आणि नंतर उमटलेल्या रंगाला किंमत द्यायची नाही.

करण्याची पद्धत साधी आहे आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात. पांढरी खळग्यांची चिनीमातीची पट्टी घ्यावी. पहिल्या खळग्यात नुसता अभिकर्मक, दुसऱ्यात खात्रीचं मानक (ज्याची ओळख पक्की आहे असा पदार्थ), तिसऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा नमुना. पहिला खळगा रंगला तर अभिकर्मक खराब झालाय किंवा पट्टी नीट धुतलेली नाही. दुसरा रंगला नाही तर अभिकर्मक मेलाय. हे दोन खळगे न भरता नुसता तिसरा भरला तर त्या रंगाला काहीच अर्थ नाही. नमुना जास्त टाकला की रंग इतका गडद होतो की जांभळा, तपकिरी आणि काळा यांत फरकच उरत नाही. पाकिटात फोडायच्या तयार कुप्यांमध्ये हीच अडचण वारंवार येते: हात मोकळा सुटतो आणि अर्धा चमचा भुकटी आत जाते.

कोकेनची स्कॉट चाचणी तीन पायऱ्यांची आहे, आणि तिन्ही जमल्या तरच ती जमली असं म्हणायचं. पाणी आणि ग्लिसरीन समभाग घेऊन त्यात केलेलं कोबाल्ट थायोसायनेटचं २ टक्के द्रावण नमुन्याने निळं होतं. मग संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की निळा जाऊन गुलाबी येतो. शेवटी क्लोरोफॉर्म घालून हलवलं की खालचा थर निळा होतो. लिडोकेन, डायफेनहायड्रामाइन अशी बरीच औषधं पहिल्या पायरीत निळा रंग देतात, त्यामुळे पहिल्याच पायरीवर थांबलेली चाचणी म्हणजे अर्धवट चाचणी. उलटही होतं: नमुना जास्त पडला तर दुसऱ्या पायरीत निळा हटत नाही आणि खरं कोकेन 'चुकीचं' ठरतं. फ्री बेस म्हणजे क्रॅक पाण्यात विरघळत नसल्याने पहिल्या पायरीत फिका पडतो. तेवढ्यावरून नकार देऊ नये.

ॲम्फेटामाइन की मेथॲम्फेटामाइन, हा फरक मार्क्विसला कळत नाही. तिथे सायमन चाचणी कामाला येते. सोडियम नायट्रोप्रुसाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि सोडियम कार्बोनेट यांच्यासोबत दुय्यम अमाइन (ज्याच्या नायट्रोजनला कार्बनचे दोन गट जोडलेले असतात) निळं होतं. मेथॲम्फेटामाइन आणि एमडीएमए दुय्यम अमाइन आहेत, ॲम्फेटामाइन नाही. गांजासाठी ड्यूकेन्वा-लेव्हिन, एलएसडीसाठी एर्लिख, बार्बिट्युरेटसाठी कोबाल्ट आणि आयसोप्रोपिलअमाइनची डिल-कोपान्यी. प्रत्येकीची कथा तीच: होकार आला तर 'पुढे तपासा', नकार आला तर 'या गटातलं काही दिसत नाही'. याहून जास्त काही नाही.

किती पुड्या उघडायच्या

शंभर पुड्या आल्या आणि सगळ्या दिसायला सारख्या, तर सगळ्या तपासायच्या का? जुना ठोकताळा असा: दहापेक्षा कमी असतील तर सगळ्या, दहा ते शंभर असतील तर दहा, शंभराच्या वर गेल्या तर एकूण संख्येचं वर्गमूळ. वापरायला सोपा, पण 'किती खात्रीने' याचं उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी हायपरजिऑमेट्रिक गणित (उचललेली पुडी परत न ठेवता मांडलेली संभाव्यता) करतात. १०० पुड्यांपैकी निदान ९० पुड्यांत पदार्थ आहे हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं असेल तर २३ पुड्या उघडाव्या लागतात, आणि त्या २३ च्या २३ पॉझिटिव्ह याव्या लागतात. निदान निम्म्यांत आहे एवढंच म्हणायचं असेल तर ५ पुरतात. एकही निगेटिव्ह निघाली की हा आकडा बाद, नवं गणित मांडायचं. आणि पुड्या उचलायच्या त्या न बघता. वरच्या वर हाताला लागलेल्या पाच उचलल्या तर ९५ टक्क्यांना काही आधार राहत नाही. वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या वेष्टनाच्या पुड्या आधी वेगळ्या गटांत लावायच्या, मग प्रत्येक गटाचं गणित स्वतंत्र.

गोळा असेल, वीट असेल तर ती फोडून, कुटून, एकजीव करूनच वजन घ्यायचं. विटेच्या कोपऱ्यातला तुकडा आणि मधला तुकडा यांची टक्केवारी सारखी असेलच असं नाही.

नाव लिहायला काय लागतं

जप्त पदार्थांच्या तपासणीत जगभर प्रमाण मानली जाणारी वर्गवारी एसडब्ल्यूजीड्रग या तज्ज्ञगटाची आहे. तंत्रांचे तीन वर्ग: 'अ' वर्गात रेणूची रचना दाखवणारी, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री, इन्फ्रारेड, रामन, एनएमआर, क्ष-किरण विवर्तन. 'ब' वर्गात मुख्यतः पदार्थ वेगळे करणारी, म्हणजे गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी, पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, केशिका इलेक्ट्रोफोरेसिस. 'क' वर्गात रंगचाचण्या, इम्युनोॲसे (प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी), वितळणबिंदू. नाव लिहायचं तर 'अ' मधलं एक आणि त्यासोबत निदान आणखी एक स्वतंत्र तंत्र हवं. 'अ' नसेल तर तीन तंत्रं, त्यांपैकी दोन 'ब' मधली. यातला 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा. एकाच द्रावणातून, एकाच कुपीतून दोन उपकरणांवर सोडलं तर तंत्रं दोन झाली, पण कुपी अदलाबदल झाली असेल तर दोन्ही उत्तरं एकाच चुकीची. म्हणून दुसऱ्या तंत्रासाठी मूळ पुडीतून नवा अंश घ्यायचा.

पातळ थराची क्रोमॅटोग्राफी जुनी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. सिलिकाची प्लेट, मेथॅनॉल आणि संहत अमोनिया १०० : १.५, आणि तासाभरात वीस नमुने शेजारी शेजारी. या द्रावकात कोकेन वर चढतं, द्रावक चढला त्या अंतराच्या साधारण ०.६५ पर्यंत, मॉर्फिन आणि कोडीन ०.३५ च्या आसपास खाली राहतात. २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात डाग पाहायचे, मग आयोडोप्लॅटिनेट फवारायचं. टाकीत वाफ नीट भरली नसेल तर डाग कडेला वर आणि मध्ये खाली असे हसऱ्या तोंडासारखे जातात. टाकीत गाळण-कागद लावून अर्धा तास आधी झाकून ठेवलं की हे थांबतं. प्रत्येक प्लेटवर मानक हवंच, कारण पुस्तकातला आकडा तुमच्या प्लेटवर जसाच्या तसा येत नाही.

जीसी-एमएस: घोडा चांगला, पण लगाम हातात हवा

जीसी-एमएस म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं मास स्पेक्ट्रोमीटर: कॉलम ही बारीक नळी पदार्थ वेगळे करते, मग रेणूचे तुकडे करून त्यांची वजनं मोजली जातात. भुकटीचं रोजचं काम बहुतेक याच यंत्रावर होतं. साधारण १ मि.ग्रॅ. नमुना १ मि.ली. मेथॅनॉलमध्ये, गाळून, १ मायक्रोलिटर आत, ५० : १ विभागणी. कॉलम ५ टक्के फिनाइल, ९५ टक्के मिथाइल पॉलिसायलॉक्सेनचा, ३० मीटर लांब, ०.२५ मि.मी. व्यासाचा, आतला थर ०.२५ मायक्रोमीटर. हेलियम मिनिटाला १ मि.ली., इनलेट (नमुना आत सोडतात ती तापलेली जागा) २५० अंश, ओव्हन १०० अंशांपासून २९० ते ३०० पर्यंत मिनिटाला १५ ते २० अंशांनी. आयनीकरण ७० इलेक्ट्रॉन व्होल्टवर, कारण लायब्ररीतले (ओळखीच्या पदार्थांच्या संग्रहातले) सगळे स्पेक्ट्रम त्याच ऊर्जेवर घेतलेले असतात.

कोकेनसाठी हे यंत्र म्हणजे सुख. तुकड्यांच्या वजनांची ८२, १८२ आणि ३०३ अशी तीन ठसठशीत शिखरं, मूळ रेणूचं ३०३ स्वच्छ दिसतं. हेरॉइनचे ३२७, ३६९, २६८ तितकेच बोलके. खरी परीक्षा ॲम्फेटामाइन गटात आहे. मेथॲम्फेटामाइनच्या स्पेक्ट्रममध्ये ५८ चं एक उंच शिखर, ९१ चं छोटं, आणि मूळ रेणूचं १४९ जवळपास गायब. फेन्टरमाइन हे वजन घटवायचं औषध आहे. त्याचंही सूत्र तेच, वजन तेच, आणि मुख्य शिखर ५८ चंच. लायब्ररी दोघांनाही नव्वदीच्या वर गुण देते. संगणकाच्या पडद्यावर वर आलेलं पहिलं नाव उचलून अहवालात टाकणाऱ्याची इथे फसगत होते. उपाय दोन: दोघांचं मानक त्याच दिवशी, त्याच पद्धतीने चालवून धारण-काळ (कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) जुळवणं, आणि अमाइनला हेप्टाफ्लुओरोब्युटिरिक अनहायड्राइड लावून रेणू जड करणं. मग मेथॲम्फेटामाइन २५४, २१० आणि ११८ अशी स्वतःची सही करतं.

तापलेलं इनलेट हे छोटं रासायनिक भांडंच असतं, आणि बऱ्याच गफलती तिथेच शिजतात. टीएचसी या गांजातल्या नशेच्या घटकाचं आम्लरूप, टीएचसी-आम्ल, तिथे कार्बन डायऑक्साइड सोडून टीएचसी बनतं. त्यामुळे जीसी जो आकडा देते तो 'एकूण टीएचसी' असतो. आम्ल आणि टीएचसी वेगळे हवे असतील तर लिक्विड क्रोमॅटोग्राफी करावी आणि आम्लाला ०.८७७ ने गुणून बेरीज करावी. अळंबीतलं सिलोसायबिन फॉस्फेट गमावून सिलोसिन म्हणून बाहेर येतं. हेरॉइनवरचा ॲसिटिल गट सोबतच्या पॅरासिटामॉलवर जाऊ शकतो, आणि मग ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन (हेरॉइन तुटून होणारा पदार्थ) नमुन्यात होतं की यंत्रात झालं हे सांगता येत नाही. कोकेनच्या स्वच्छ मानकात मिथाइलएकगोनिडिनचं (कोकेन तुटून होणाऱ्या पदार्थाचं) शिखर वाढायला लागलं की समजावं, लायनर म्हणजे इनलेटमधली काचेची नळी घाण झालीय. लायनर आणि सेप्टम (इनलेटवरची रबरी चकती) बदलून, कॉलमचं पुढचं टोक १०-२० सें.मी. कापलं की पुन्हा सुरळीत चालतं. एलएसडीचा धोका यंत्राच्या बाहेरच सुरू होतो: ते उजेडात बिघडतं, म्हणून काढणीपासूनच (नमुन्यातून पदार्थ द्रावकात काढण्यापासूनच) तपकिरी काच वापरावी.

प्रत्येक नमुन्याआधी ब्लँक, म्हणजे नुसता द्रावक. हे सांगायला कंटाळा येतो आणि पाळायला त्याहून जास्त, पण आधीच्या ८० टक्के शुद्ध नमुन्याचा पिचकारीत राहिलेला अंश पुढच्या साखरेच्या नमुन्यात छोटंसं, सुंदर, लायब्ररीशी अचूक जुळणारं कोकेनचं शिखर देतो. नमुन्याच्या आधीचं ब्लँक स्वच्छ नसेल तर त्या शिखराचं मोल शून्य. फेन्टानिलसारखे पदार्थ येऊ लागल्यापासून तर बाक, तराजू, चमचे यांचेही पुसून घेतलेले नमुने अधूनमधून यंत्रावर टाकावे लागतात.

टक्केवारी काढताना एक साधी चूक वारंवार दिसते. यंत्र कोकेनचा बेस (क्षार न झालेलं मोकळं रूप) मोजतं, मानकाच्या बाटलीवर हायड्रोक्लोराइड लिहिलेलं असतं. बेसचं रेणुभार ३०३.४, हायड्रोक्लोराइडचं ३३९.८, म्हणजे १०० मि.ग्रॅ. हायड्रोक्लोराइडमध्ये बेस ८९.३ मि.ग्रॅ. आकडा कोणत्या रूपात दिलाय हे अहवालात नसेल तर दोन प्रयोगशाळांच्या निकालांत दहा टक्क्यांचा फरक निघतो आणि दोघीही बरोबर असतात. बेस आहे की हायड्रोक्लोराइड, हे जीसीला कळतच नाही; त्यासाठी इन्फ्रारेड लागतं. हिऱ्याच्या स्फटिकावर चिमूटभर भुकटी दाबली की मिनिटभरात उत्तर मिळतं. मात्र भेसळ झालेल्या भुकटीत पाच टक्क्यांच्या खालचं काही इन्फ्रारेडला सहसा दिसत नाही. एक टक्का फेन्टानिल आणि बाकी मॅनिटॉल असेल तर ते बिनधास्त 'मॅनिटॉल' म्हणून मोकळं होतं. हातातल्या रामन यंत्राचंही तसंच, शिवाय रंगीत किंवा तपकिरी नमुना स्वतःच चमकायला लागला की रामनचा संकेत त्या चमकेत बुडतो.

लघवी: पट्टीपासून सुरुवात

लघवीच्या पट्टीवर रेघ उमटली म्हणजे निगेटिव्ह, रेघ नसली म्हणजे पॉझिटिव्ह. हे उलटं वाटतं, म्हणून चुकतं. पट्टीवर औषधाचा एक अंश आधीच चिकटवलेला असतो. नमुन्यात औषध असेल तर प्रतिपिंडं त्यातच अडकतात आणि रेघेपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे पुसट रेघ म्हणजेही निगेटिव्हच. 'थोडंसं पॉझिटिव्ह' असं काही नसतं. नियंत्रण-रेघ आली नाही तर पट्टी फेकून द्यावी, वाचू नये.

पट्टी काय आणि मोठं स्वयंचलित इम्युनोॲसे यंत्र काय, दोन्ही कट-ऑफवर, म्हणजे ज्याच्या खाली निगेटिव्ह धरायचं अशा ठरवलेल्या प्रमाणावर, चालतात. अमेरिकेच्या संघीय कामाच्या ठिकाणच्या नियमांत कोकेनच्या चयापचयजासाठी (शरीराने मोडतोड करून बनवलेल्या पदार्थासाठी) गाळणीचा, म्हणजे पहिल्या तपासणीचा, आकडा १५० नॅनोग्रॅम प्रति मि.ली. आणि पुष्टीचा, म्हणजे नंतरच्या पक्क्या तपासणीचा, १००. ॲम्फेटामाइनसाठी ५०० आणि २५०. गांजासाठी ५० आणि १५. गांजात एवढी तफावत का, तर प्रतिपिंडाला टीएचसीचे अनेक चयापचयज एकत्र दिसतात आणि पुष्टीत फक्त टीएचसी-कार्बॉक्सिलिक आम्ल मोजलं जातं. अफूवर्गीयांचा कट-ऑफ तिथे १९९८ मध्ये ३०० वरून २००० वर नेला, कारण खसखशीतूनही लघवीत मॉर्फिन उतरतं. म्हणजे एका नियमात पॉझिटिव्ह असलेला नमुना दुसऱ्या नियमात निगेटिव्ह असू शकतो, आणि त्यात कुणाचीही चूक नसते. मूळ प्रश्नातल्या निम्म्या तक्रारींचं उत्तर इथेच आहे: पट्टीचा कट-ऑफ एक, प्रयोगशाळेचा दुसरा.

उरलेल्या तक्रारींमागे सहसा प्रतिपिंडांची नजरचूक असते. बुप्रोपिऑन, लॅबेटॅलॉल, स्यूडोएफेड्रिन काही बनावटींच्या ॲम्फेटामाइन चाचणीत होकार देतात, लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि ऑफ्लॉक्सॅसिन अफूवर्गीयांच्या चाचणीत, डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि व्हेनलाफॅक्सिन पीसीपी या नशेच्या पदार्थाच्या, एफाविरेन्झ गांजाच्या. कोकेनची इम्युनोॲसे त्या मानाने फार सरळ आहे, कारण बेन्झॉइलएकगोनिन या कोकेनच्या चयापचयजासारखं दिसणारं दुसरं काही सहसा नसतं.

चुकीचा होकार पुष्टीत पकडला जातो. चुकीचा नकार मात्र कुणी पुढे पाठवतच नाही, म्हणून तो जास्त वाईट. अफूवर्गीयांची चाचणी मॉर्फिनवर बेतलेली असते. फेन्टानिल, मेथाडोन तिला दिसतच नाहीत, त्यांना वेगळी चाचणी लागते. क्लोनाझेपाम लघवीत ७-अमिनोक्लोनाझेपाम म्हणून आणि लोराझेपाम ग्लुकुरोनाइड म्हणून येतं, आणि बऱ्याच बेन्झोडायझेपिन चाचण्या दोघांनाही ओलांडून जातात. कृत्रिम कॅनाबिनॉइड टीएचसीच्या पट्टीला अजिबात कळत नाहीत.

नमुना खरा आहे का, हे चाचणीच्या आधी पाहतात. दिल्यापासून चार मिनिटांत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असावं. क्रिएटिनिन २० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्व १.००३ च्या खाली असेल तर नमुना पातळ. क्रिएटिनिन २ च्याही खाली आणि गुरुत्वही न जुळणारं, तर ती माणसाची लघवीच नाही असं धरतात. पीएच आणि नायट्राइटही पाहतात.

पुष्टीची काढणी: खरं काम इथे आहे

पुष्टीत काय बिघडतं, याचं उत्तर बहुतेकदा यंत्रात नसतं, काढणीत असतं.

पहिली पायरी जलापघटन, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने रेणूतली जोडणी तोडणं. शरीर औषधाला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर टाकतं. ती जोडणी तोडल्याशिवाय मॉर्फिन किंवा लोराझेपाम पुरतं मोकळं होत नाही. बीटा-ग्लुकुरोनिडेज एन्झाइम वापरावं. हेलिक्स पोमॅटियाचं असेल तर पीएच ५ च्या आसपास, ई. कोलायचं असेल तर ६.८. पीएच चुकला तर एन्झाइम निवांत बसून राहतं आणि अहवाल निगेटिव्ह निघतो. आम्लात उकळणं स्वस्त आणि झटपट, पण त्यात ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन तुटून मॉर्फिन होतं. हेरॉइन घेतल्याचा तोच एक ठाम पुरावा, तोही लघवीत काही तासच टिकणारा, कट-ऑफ १० नॅनोग्रॅम. तो आपल्याच हाताने नष्ट करायचा नसेल तर त्यासाठी वेगळा अंश, जलापघटनाशिवाय. टीएचसी-कार्बॉक्सिलिक आम्लासाठी मात्र अल्क योग्य: १० मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ६० अंश, १५-२० मिनिटं.

मग घन-अवस्थेतली काढणी, मिश्र कार्ट्रिजवर (भरलेल्या छोट्या नळीवर). म्हणजे ज्यात पाण्याला टाळणारा थर आणि धन आयन पकडणारा थर दोन्ही असतात. २ मि.ली. लघवीत आधी ड्यूटेरियमयुक्त अंतर्गत मानक (तेच औषध, पण जड हायड्रोजनचं, ठरलेल्या मापात), मग २ मि.ली. ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ६. कार्ट्रिजवरून मेथॅनॉल ३ मि.ली., पाणी ३ मि.ली., बफर १ मि.ली.; या टप्प्यावर ते कोरडं पडू द्यायचं नाही. नमुना मिनिटाला १ ते २ मि.ली. वेगानेच. घाईने व्हॅक्यूम वाढवला तर औषध पकडलं जाण्याआधीच खाली निघून जातं, आणि ते कुठे गेलं हे नंतर कुणालाच कळत नाही. पाणी, मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, मग मेथॅनॉल अशा धुण्या. पीएच ६ ला अमाइनवर धनभार असतो, त्यामुळे मेथॅनॉलनेही ते सुटत नाही आणि घाण तेवढी जाते. पाच मिनिटं पूर्ण व्हॅक्यूमवर वाळवायचं. ओल राहिली तर पुढचा द्रावक आतपर्यंत पोचत नाही. शेवटी डायक्लोरोमिथेन, आयसोप्रोपॅनॉल, अमोनिया ७८ : २० : २, ३ मि.ली. अमोनियाने भार गेला की औषध सुटतं. हे मिश्रण रोज ताजं करायचं; कालच्या बाटलीतला अमोनिया उडालेला असतो आणि हाती येणारं औषध बरंच घटतं.

नायट्रोजनखाली सुकवताना ॲम्फेटामाइन गट अमोनियासोबत उडून जातो. मेथॅनॉलमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल दोन थेंब आधी टाकलं, तापमान ४० अंशांच्या आत ठेवलं आणि पूर्ण कोरडं होताच नळी काढली तर ते क्षाररूपात तळाशी राहतं. अंतर्गत मानक आधीच घातलेलं असल्याने तेही तेवढंच उडतं आणि गुणोत्तर टिकतं. म्हणूनच ते पहिल्या पायरीला घालायचं, शेवटी नाही.

जीसीवर जायचं असेल तर मॉर्फिन आणि टीएचसी-आम्लाला बीएसटीएफए आणि १ टक्का टीएमसीएस (रेणूची सहज वाफ होऊ देणारी रसायनं) लावून ७० अंशांवर २०-३० मिनिटं ठेवावं. पाण्याचा अंश राहिला की ही अभिक्रिया फसते. आता बहुतेक ठिकाणी एलसी-एमएस-एमएस (लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं दोन टप्प्यांचं मास स्पेक्ट्रोमीटर) आहे, ज्याला हे लागत नाही. तिथे प्रत्येक औषधासाठी दोन संक्रमणं (मूळ वजनाचा आयन तुटून कोणत्या वजनाचा तुकडा होतो ते) पाहतात: बेन्झॉइलएकगोनिन २९० वरून १६८ आणि १०५, फेन्टानिल ३३७ वरून १८८ आणि १०५, ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन ३२८ वरून १६५ आणि २११. दोन्ही शिखरांचं गुणोत्तर मानकाच्या २० टक्क्यांच्या आत, धारण-काळ जुळलेला, आणि त्याच तुकडीत कट-ऑफपेक्षा २५ टक्के जास्त असलेलं आणि कट-ऑफच्या फक्त ४० टक्के असलेलं, अशी दोन्ही नियंत्रणं (माहितीचे नमुने) बरोबर आलेली. यातलं एक जरी चुकलं तरी निकाल थांबवायचा.

या यंत्राचे दोन खोडसाळ दोष. पहिला, मॉर्फिन आणि हायड्रोमॉर्फोन दोन्ही २८६ वरच, कोडीन आणि हायड्रोकोडोन दोन्ही ३०० वरच. कॉलमने त्यांना वेगळं केलं नाही तर मास स्पेक्ट्रोमीटर करत नाही. दुसरा, आयन दबणं: लघवीतला क्षार किंवा दुसरा एखादा घटक त्याच क्षणी बाहेर पडला की संकेत दबतो, शिखर दिसत नाही आणि नमुना 'स्वच्छ' वाटतो. अंतर्गत मानकाचं शिखर नेहमीच्या निम्म्यावर आलं की तो नमुना निगेटिव्ह लिहायचा नाही; पातळ करून पुन्हा चालवायचा.

मेथॲम्फेटामाइनबाबत एक खास नियम आहे. स्यूडोएफेड्रिन भरपूर असलेल्या नमुन्यात, अभिकर्मक लावून तापल्या इनलेटमध्ये सोडल्यावर, थोडं मेथॲम्फेटामाइन यंत्रातच तयार होत असल्याचं दिसून आलं. तेव्हापासून काढणीपूर्वी पीरियोडेटने स्यूडोएफेड्रिन नष्ट करतात, आणि अमेरिकी संघीय नियमांत मेथॲम्फेटामाइन पॉझिटिव्ह लिहायला त्याच नमुन्यात निदान १०० नॅनोग्रॅम ॲम्फेटामाइन असावं लागतं, कारण शरीर ते बनवतंच. शिवाय पार्किन्सनवरच्या सेलेजिलिनमधून डावं (नेहमीच्या उजव्याची आरशातली प्रतिमा असलेलं) मेथॲम्फेटामाइन निघतं. साध्या कॉलमला डावं-उजवं कळत नाही. वाद असेल तर ते वेगळं करणारी कायरल तपासणी मागावी.

नव्या कृत्रिम पदार्थांनी ही सगळी घडी विस्कटली आहे. उच्च विभेदनाचं यंत्र रेणूचं वजन १७८.१२२६ असं चार दशांशांपर्यंत देतं, त्यावरून सूत्र ठरतं, पण मिथाइल गट दुसऱ्या, तिसऱ्या की चौथ्या जागी आहे ते ठरत नाही. २-, ३- आणि ४-मिथाइलमेथकॅथिनोन तिघांचा आकडा तोच. नायटाझिन या कृत्रिम अफूसदृश पदार्थांच्या गटात तर जीसी-एमएसवर बहुतेकदा ८६ चं एक शिखर सोडून फारसं काही दिसत नाही. अशा वेळी भुकटी हाती असेल तर एनएमआर किंवा वायुअवस्थेतलं इन्फ्रारेड करावं. लघवी असेल तर मानक मिळेपर्यंत 'या गटातला पदार्थ, जागा अनिश्चित' इतकंच लिहिणं प्रामाणिकपणाचं.

केसांची तपासणी हा वेगळा विषय आहे. केस महिन्याला साधारण १ सें.मी. वाढतो, म्हणून मुळाकडचे ३ सें.मी. म्हणजे अंदाजे मागचे तीन महिने. बाहेरून चिकटलेली भुकटी आधी धुऊन काढावी लागते आणि धुण्याचं पाणीही तपासावं लागतं.

आता अहवाल हातात आल्यावर काय पाहायचं. 'आढळले नाही' म्हणजे 'नव्हते' असं नाही. कोणत्या पदार्थासाठी, कोणत्या कट-ऑफवर, कोणत्या पद्धतीने शोधलं आणि नाही सापडलं, एवढंच. ही तीन माहिती अहवालात नसेल तर ती लेखी मागावी. निकाल मान्य नसेल तर सीलबंद ठेवलेला दुसरा अंश दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायची मागणी करावी. त्या फेरतपासणीत कट-ऑफ पुन्हा लावायचा नसतो. ठेवणीत औषध थोडं विघटित होतं, टीएचसी-आम्ल बाटलीच्या भिंतीला चिकटतं, म्हणून पहिल्यांदा १७ आलेला आकडा दोन महिन्यांनी ११ येऊ शकतो. तिथे फक्त तो पदार्थ यंत्राच्या शोधमर्यादेच्या वर ठामपणे ओळखू येतो का, एवढंच पाहायचं असतं.